मणीला तमिळ येतं

पुणे सोडलं की सोलापूर, वाडी, गुंतकल, रेणिगुंटा... एकेका स्टेशनागणिक पाट्यांवरची लिपी बदलत जाते आणि चहावाल्यांची जागा कॉफीवाले घेतात. चेन्नई सेंट्रलला उतरले तेव्हा नुकतंच उजाडत होतं. डिसेंबरचा उत्तरार्ध, म्हणजे इथला मार्गळी महिना. गल्लोगल्ली दारापुढे तांदळाच्या पिठाचे मोठमोठे कोलम घातलेले होते आणि चौकाचौकांत संगीत सभांच्या कार्यक्रमांचे फलक लागले होते. मी आले होते ती या संगीत महोत्सवावर लिहायलाच. तीन आठवडे मुक्काम थोरल्या बहिणीकडे, बेझंट नगरला.

ताईनं दार उघडलं आणि माझ्या हातातली बॅग खाली टेकायच्या आत बातमी दिली, "बरं झालं आलीस. उद्या आपल्याला कुत्रा बघायला जायचंय."

मी भावोजींकडे पाहिलं. त्यांनी वर्तमानपत्र आणखी वर धरलं.

भावोजींची बदली होऊन ही मंडळी चेन्नईला आली, त्याला सव्वा वर्ष झालं होतं. भावोजींना कचेरी होती, सातवीतल्या भाचीला शाळा होती. पुण्यात पंधरा वर्षं शाळेत शिकवणाऱ्या ताईला मात्र दिवसभर चार भिंती आणि समुद्राचा वारा. तमिळ येत नव्हतं. भाजीवाल्याशी ती बोटांनी बोलायची. बोलताना "घरी गेले की" असं म्हणायची ते पुण्याबद्दल. या घराला ती "फ्लॅट" म्हणायची. तिनं तक्रार कधी केली नाही, पण फोन ठेवताना तिचा आवाज जड व्हायचा, हे मला जाणवत होतं.

पिल्लू की मोठा कुत्रा?

कुत्रा आणायचा यावर आता घरात एकमत होतं. वाद होता तो कोणता आणायचा यावर. भावोजींचं मन लॅब्रेडॉरच्या पिल्लावर गेलं होतं. ताईला हवा होता निवाऱ्यातला, चार-पाच वर्षांचा, कुणीतरी सोडलेला मोठा कुत्रा.

तिनं सगळा हिशेब मांडला. पिल्लू आणलं की पहिले काही महिने रात्रीची झोप विसरायची. दर दोन-तीन तासांनी त्याला बाहेर न्यायचं. चपला, वायरी, सोफ्याचे पाय, सगळं त्याच्या दातांखाली जाणार. लशी पूर्ण होईपर्यंत रस्त्यावर उतरवता येणार नाही. आणि एवढं करून ते मोठं झाल्यावर शांत निघेल की तापट, हे कुणी छातीठोकपणे सांगू शकत नाही. मोठा कुत्रा मात्र जसा आहे तसा समोर उभा असतो. उंची ठरलेली, ताकद कळलेली, स्वभावही बराचसा दिसतो.

"पिल्लू म्हणजे बंद पाकीट," ताई म्हणाली. "मोठा कुत्रा म्हणजे उघडं पत्र."

पत्र उघडं होतं खरं. पण ते कोणत्या भाषेत लिहिलेलं असेल, याचा विचार आमच्यापैकी कुणीच केला नव्हता.

या शहरानं दाखवलेली वाट

चेन्नईत असा विचार करणारी ताई काही पहिली नव्हे. मुक्या जनावरांच्या बाबतीत या शहराचा इतिहास मोठा आहे. १९५९ साली इथं जोरदार पाऊस झाला, रस्ते पाण्याखाली गेले. कॅप्टन व्ही. सुंदरम या वैमानिकांना त्या पाण्यात गटांगळ्या खाणारी कुत्र्याची पिल्लं दिसली. त्यांनी ती टी. नगरमधल्या आपल्या घरी आणली. त्यांच्या पत्नी उषा सुंदरम याही वैमानिक होत्या. १९५१ मध्ये या दांपत्यानं मद्रास सरकारसाठी घेतलेलं छोटं विमान इंग्लंडहून मुंबईपर्यंत अवघ्या २७ तासांत आणून दाखवलं होतं. पिल्लांच्या मागोमाग आणखी जनावरं येत गेली, आणि या घरातूनच 'ब्लू क्रॉस ऑफ इंडिया' ही संस्था उभी राहिली. गिंडीला वेलाचेरी रस्त्यावर तिचं मोठं आवार आहे.

त्या काळी इतर शहरांप्रमाणे मद्रास महापालिकाही भटकी कुत्री पकडून मारत असे. वर्षानुवर्षं मारूनही कुत्री कमी होत नव्हती. याचं कारण सुंदरम यांचे चिरंजीव डॉ. चिन्नी कृष्णा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शोधलं. एका गल्लीतली कुत्री नाहीशी केली, की तिथल्या उकिरड्यावर शेजारच्या गल्लीतली येतात आणि त्यांची वीण सुरू होते. १९६४ मध्ये ब्लू क्रॉसनं वेगळा मार्ग सुचवला. कुत्री पकडा, त्यांची नसबंदी करा, रेबीजची लस टोचा आणि जिथून उचलली तिथंच परत सोडा. महापालिकेच्या गळी हे उतरायला १९९६ साल उजाडलं. मद्रासच्या दक्षिण भागात सुरुवात झाली, आणि पुढे २००१ मध्ये हीच पद्धत देशाच्या नियमांत आली. २०२३ मध्ये ते नियम नव्यानं लिहिले गेले. रस्त्यावरच्या एखाद्या कुत्र्याच्या कानाला खाच दिसली, तर त्याची नसबंदी झालेली आहे असं समजावं.

कलाक्षेत्राच्या संस्थापिका, नर्तकी रुक्मिणीदेवी अरुंडेल याही याच शहरातल्या. १९५२ मध्ये त्या राज्यसभेवर गेल्या आणि प्राण्यांच्या छळाविरुद्धच्या कायद्यासाठी त्यांनी पाठपुरावा केला. त्यातून १९६० चा कायदा झाला. १९६२ मध्ये प्राणी कल्याण मंडळ स्थापन झालं, तेव्हा त्याच्या पहिल्या अध्यक्ष त्याच होत्या. हे मंडळ आता हरियाणात असलं, तरी त्याचं मुख्यालय दीर्घकाळ इथंच होतं.

याचा अर्थ इथला कुत्र्यांचा प्रश्न सुटला, असं नाही. कुत्री चावतात, मुलं घाबरतात, आणि रेबीजची लक्षणं एकदा दिसू लागली की त्यावर इलाज नाही. म्हणूनच कुत्रा घरचा असो वा दारचा, लशीत हयगय चालत नाही. चावा किंवा ओरखडा बसला तर जखम साबण आणि वाहत्या पाण्यानं पंधरा मिनिटं धुवायची आणि लगेच दवाखाना गाठायचा. ताईनं ही गोष्ट कुत्रा यायच्या आधीच भाचीकडून पाठ करून घेतली होती.

निवाऱ्यातले चार जण

आम्ही गेलो तो निवारा लहानसा होता. पूर्व किनारा मार्गानं शहराबाहेर पडल्यावर नारळीच्या झाडांत एक बैठं घर आणि मागे जाळीचे कप्पे. चालवणाऱ्या बाई साठीच्या होत्या. त्यांनी आधी कुत्री दाखवलीच नाहीत. आम्हालाच प्रश्न विचारले. घरात कोण कोण आहे? दिवसा कोण असतं? किती मजले चढायचे? सकाळ-संध्याकाळ किती वेळ चालायला जमेल? घर भाड्याचं आहे का, घरमालकाची ना नाही ना? पुन्हा बदली झाली तर कुत्र्याचं काय करणार?

शेवटच्या प्रश्नावर भावोजी म्हणाले, "आमच्याबरोबर येईल." ताईनं चमकून त्यांच्याकडे पाहिलं. गाडीत बसल्यापासूनचं ते त्यांचं पहिलंच वाक्य होतं.

मग चार कुत्रे पाहिले. पहिला पांढराशुभ्र, केसाळ स्पिट्झ. आपल्याकडे याला सर्रास पॉमेरेनियन म्हणतात. तो अखंड भुंकत गोल फिरत होता. दुसरा दीड वर्षांचा तांबूस गावठी. भाचीला पाहताच त्यानं जाळीवर उड्या घेतल्या आणि भाची तिथंच विरघळली. "हाच!" बाई हसल्या. म्हणाल्या, "आधी धावत येतो तो सगळ्यांनाच आवडतो. पण याला रोज दोन तास पळवायला हवं. जमेल?" भाचीची शाळा आणि क्लास आठवून आम्ही गप्प बसलो.

तिसरा होता उंच, दुधासारखा पांढरा, गुलाबी नाकाचा राजपालयम. ही तमिळनाडूची अस्सल जात. आपल्याकडे जसा मुधोळ हाउंडचा, ज्याला कारवान म्हणतात त्याचा अभिमान, तसा इथं याचा. २००५ मध्ये डाक खात्यानं चार भारतीय श्वानांची तिकिटं काढली, त्यांत हे दोघेही होते. पण राजपालयम शिकारीचा आणि राखणीचा गडी. परक्यावर चटकन विश्वास टाकत नाही. पहिल्यांदाच कुत्रा पाळणाऱ्यानं फ्लॅटमध्ये तो न न्यावा, असं बाईंनी स्वतःहून सांगितलं.

चौथा कोपऱ्यात बसला होता. तपकिरी रंग, छातीवर पांढरा डाग, एका कानाला खाच, वय पाचेक वर्षं. आम्हाला पाहून तो उठलाही नाही. एकदा बघितलं आणि मान वळवली.

बाईंनी ताईला आत जाऊन जमिनीवर बसायला सांगितलं. त्याच्याकडे तोंड करून नको, जरा तिरकं. डोळ्यांत डोळे घालायचे नाहीत, हात पुढे करायचा नाही, बोलवायचं नाही. ताई बसली. पाच मिनिटं गेली, दहा गेली. मग तो उठला, लांबून वळसा घालून आला, तिच्या पदराचा वास घेतला आणि दोन हातांवर बसला.

"हा घाबरट नाही," बाई म्हणाल्या. "विचार करून पाऊल टाकणारा आहे."

त्यांनी यातला फरक समजावून सांगितला, तो कुत्रा निवडणाऱ्या प्रत्येकानं लक्षात ठेवण्यासारखा आहे. खरोखर भेदरलेला कुत्रा शेपूट पोटाशी घेतो, थरथरतो, त्याच्या डोळ्यांचा पांढरा भाग दिसत राहतो, आणि कितीही वेळ दिला तरी तो समोरचा खाऊ घेत नाही. अशा कुत्र्यालाही घर मिळायला हवं, पण ते अनुभवी माणसाचं. सावध कुत्रा मात्र आपण दबाव टाकला नाही की हळूहळू सैलावतो, खाऊ घेतो, जवळ येतो. एका भेटीत हे कळत नाही, म्हणून किमान दोनदा जावं, आणि दुसऱ्यांदा घरातल्या सगळ्यांना घेऊन जावं.

आमच्याकडेही प्रश्नांची यादी होती. आधीचं घर का सुटलं? मुलांची सवय आहे का? खाताना कुणी जवळ गेलं तर काय करतो? एकटा राहतो का? कोणत्या लशी झाल्या? गोचीड-तापाची तपासणी झाली आहे का? उत्तरं प्रामाणिक होती. तो मूळचा रस्त्यावरचा. नसबंदीनंतर एका निवृत्त गृहस्थांनी त्याला घरी ठेवून घेतलं. ते गेले, मुलं परदेशात, घर विकलं गेलं. लहान मुलांची सवय नाही. खाताना कसा वागतो, ते निवाऱ्यात नीट पाहिलेलं नाही.

आणि नाव? "मणी," बाई म्हणाल्या.

"मनी तर मांजराचं नाव!" भाची किंचाळली. इथं 'मणी' हे आपल्या मोत्यासारखंच कुत्र्याचं पेटंट नाव आहे, हे तिला पटायला वेळ लागला. दुसऱ्या दिवशी आम्ही त्याला पट्टा बांधून फिरवलं. तिसऱ्या दिवशी बाई स्वतः येऊन फ्लॅट आणि गॅलरीचे गज बघून गेल्या. मुलगी देताना घर बघतात तसं! चौथ्या दिवशी मणी घरी आला.

जेवणाच्या टेबलाखाली

घरी आला तो थेट जेवणाच्या टेबलाखाली गेला. तिथून तो फक्त बाहेर फिरायला जाण्यापुरता निघे. ताटली ठेवली तरी आम्ही खोलीत असेपर्यंत खात नसे. भाचीनं आणलेला लाल चेंडू त्याच्यासमोर तसाच पडून राहिला.

निवाऱ्यातून बजावून सांगितलं होतं: पहिले तीन दिवस घाबरण्याचे, पहिले तीन आठवडे घराची रीत शिकण्याचे आणि पहिले तीन महिने हे आपलं घर आहे असं वाटण्याचे. हा हिशेब तंतोतंत कुणालाच लागू पडत नाही, पण आपला उतावळेपणा आवरायला तो बरा. पहिल्या दिवशी आंघोळ घालायची नाही, पाहुणे बोलवायचे नाहीत. झोपायची जागा एकच, आणि तिथं तो असताना कुणी हात लावायचा नाही. फिरणं आणि जेवण रोज ठरल्या वेळी. दार उघडण्याआधी पट्टा, कारण नव्या जागी आलेला कुत्रा संधी मिळताच जुन्या घराच्या दिशेनं सुटतो. गळपट्ट्याला फोन नंबरची पट्टी पहिल्याच दिवशी लावायची. जुनं खाणं आठवडा-दहा दिवस चालू ठेवायचं, मग थोडं थोडं बदलायचं.

मणीचं जुनं खाणं होतं दहीभात! चेन्नईत माणसांचं जेवण ज्यानं संपतं, त्यावरच याची सुरुवात आणि शेवट. नुसत्या दहीभातानं कुत्र्याचं पोषण होत नाही, म्हणून डॉक्टरांच्या सल्ल्यानं ताईनं त्यात उकडलेलं अंडं आणि बिनहाडाचं चिकन मिसळायला सुरुवात केली. कांदा, लसूण, द्राक्षं, मनुका आणि चॉकलेट कुत्र्याला विषासारखी असतात, हे आम्हाला तेव्हाच कळलं. आपण पंगतीतला उरलेला मसालेभात कौतुकानं घालतो, तो किती चुकीचा!

सगळ्यात मोठी अडचण निराळीच होती. ताई म्हणायची "ये", तो बघत राहायचा. भाची म्हणायची "सिट", तो बघत राहायचा. "कमी ऐकू येतं की काय?" भावोजींना शंका आली.

चौथ्या दिवशी संध्याकाळी मी आदल्या रात्रीच्या मैफलीचं ध्वनिमुद्रण ऐकत बसले होते. गायिकेनं तोडीतली एक जागा अशी घेतली, की माझ्या तोंडून आपसूक निघालं, "वा!"

टेबलाखाली हालचाल झाली. मणी बाहेर आला, सरळ चालत माझ्यापुढे उभा राहिला आणि वर बघू लागला.

आम्ही तिघी एकमेकींकडे बघत राहिलो. मग ताई हसायला लागली, आणि हसता हसता तिच्या डोळ्यांत पाणी आलं. तमिळमध्ये 'वा' म्हणजे 'ये'! चार दिवस आम्ही त्याला मराठीत आणि इंग्रजीत हाका मारत होतो. बिचाऱ्याला फक्त तमिळ येत होतं.

तळमजल्यावर एक आजी राहतात. तंजावरच्या मराठी घराण्यातल्या. व्यंकोजीराजांच्या मागोमाग सतराव्या शतकात दक्षिणेत आलेल्या कुटुंबांचे वंशज आजही घरात मराठी बोलतात. तमिळच्या चालीवर डोलणारं ते मराठी ऐकायला फार गोड लागतं. ताई त्यांच्याकडे वही घेऊन गेली. आजींनी सांगितलं आणि ताईनं लिहून घेतलं: इंगे वा, इकडे ये. उक्कारु, बस. पो, जा. वेण्डाम, नको. साप्पिडु, खा. तो कागद फ्रिजवर चिकटवला गेला. मणी "उक्कारु" म्हटल्यावर बसला, तेव्हा भाचीनं टाळ्या वाजवल्या. आणि दोन दिवसांनी भाजीवाल्यानं ताईच्या पिशवीत जास्तीची कोथिंबीर घातली, तेव्हा ती चक्क म्हणाली, "वेण्डाम."

बारावा दिवस

आता सगळं सुरळीत झालं, असं वाटत असतानाच ते घडलं. दुपारी मणी गॅलरीत झोपला होता. शाळेला नाताळची सुटी होती. भाचीनं लाडानं मागून जाऊन त्याच्या मानेला मिठी मारली. तो गुरगुरला, दात दिसले. चावला नाही, पण भाची किंचाळत आत पळाली.

संध्याकाळी घरात कुणी नीट जेवलं नाही. भावोजी शांतपणे म्हणाले, "मुलीच्या बाबतीत मला धोका नको. परत देऊ या." त्यांचं चुकत होतं असं मला म्हणता येईना. ताई काहीच बोलली नाही. मणी पुन्हा टेबलाखाली जाऊन बसला होता.

आजी वर आल्या. सगळं ऐकून त्यांनी एकच विचारलं, "कुठं हात लावला की गुरगुरतो? सगळीकडे, की एकाच जागी?"

कुणाच्या ध्यानातच आलं नव्हतं. ताईला आठवलं, दोन दिवसांपूर्वी पट्टा बांधताना त्यानं मान झटकली होती. तो सारखा डोकं हलवायचा. सकाळी आम्ही त्याला जवळच्या प्राण्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी तोंडाला जाळी बांधून तपासलं. डाव्या कानात आतवर जखम झाली होती, पू धरला होता. भाचीचा दंड नेमका त्याच कानावर दाबला गेला होता.

डॉक्टरांनी भाचीला जवळ बोलावलं. "गुरगुरणं म्हणजे कुत्र्याचं 'वेण्डाम'. तो सांगतोय, नको. सांगितल्याबद्दल त्याला कधी रागवायचं नाही. रागावलात तर पुढच्या वेळी तो न सांगता चावेल." मग त्यांनी नियम घालून दिले. झोपलेल्या आणि जेवणाऱ्या कुत्र्याला हात लावायचा नाही. मिठी मारायची नाही, ती माणसांची रीत आहे. हाक मारायची; तो आला तर छातीला किंवा मानेच्या बाजूला खाजवायचं, तीन मोजायचे आणि थांबायचं. त्यानं पुन्हा अंग घासलं तर पुढे. शांत कुत्रा अचानक चिडका झाला, तर आधी दुखणं शोधायचं, स्वभावाला दोष नंतर द्यायचा.

पण सगळं दुखण्यावर ढकलता येत नाही, हेही त्यांनी स्पष्ट सांगितलं. कारण नसताना जो पुन्हा पुन्हा अंगावर येतो, तो लहान मुलांच्या घरात ठेवणं कुणाच्याच हिताचं नसतं. अशा वेळी कुत्रा परत करणं म्हणजे पाप नव्हे. निवाऱ्याला खरं कारण सांगायचं, म्हणजे त्याला योग्य घर मिळतं.

भावोजींनी पंधरा दिवसांची मुदत दिली. कानात रोज दोनदा औषध घालायचं काम कुणाचं, यावर चर्चा झाली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मी उठले, तर भावोजीच टेबलाजवळ जमिनीवर मांडी घालून तिरके बसले होते. एका हातात औषधाची बाटली, दुसऱ्या हातात अंड्याचा तुकडा, आणि अडखळत म्हणत होते, "इंगे वा... इंगे वा, राजा."

ऑगस्टमधली संध्याकाळ

मी पुण्याला परतले. फोनवर बातम्या येत राहिल्या. पंधरा दिवसांची मुदत कधी संपली, ते कुणी मोजलं नाही. महापालिकेचा परवाना काढला. मे महिन्यात चेन्नई भाजून निघाली, तेव्हा मणीचं फिरणं पहाटे साडेपाचला आणि रात्री आठनंतर सुरू झालं. रस्त्यावर हाताचा पालथा पंजा सात-आठ सेकंद ठेववत नसेल, तर कुत्र्याचे तळवेही भाजतात, हे ताईनं मला फोनवरून शिकवलं. गोचिडांसाठी औषध, रोज रात्री कान आणि बोटांच्या बेचक्या तपासणं, हे आता तिच्या दिनक्रमात बसलं होतं. आणि शेजारपाजारच्यांची नावं तिच्या बोलण्यात येऊ लागली होती. कुत्र्यामुळे रोज रस्त्यावर उतरावं लागलं, आणि रस्त्यावर उतरल्यावर माणसं भेटली.

ऑगस्टमध्ये मी पुन्हा गेले. दार उघडलं तेव्हा मणीनं माझा वास घेतला, शेपूट दोनदा हलवलं आणि गॅलरीत आपल्या जागी जाऊन पडला. तो काही सिनेमातल्या कुत्र्यासारखा अंगावर झेपावत नाही. लाल चेंडूकडे तो आजही पाहत नाही. पण भाची अभ्यासाला बसली की तिच्या खुर्चीखाली जाऊन झोपतो.

संध्याकाळी आम्ही एलियट्स बीचवर गेलो. उन्हं उतरली होती, भज्यांच्या गाड्यांवर गर्दी होती. १९३० साली बुडणाऱ्यांना वाचवताना प्राण गमावलेल्या श्मिट नावाच्या डॅनिश माणसाचं पांढरं स्मारक वाळूत उभं आहे, तिथवर चालत गेलो. समोरून एक वृद्ध गृहस्थ येत होते. पांढरी वेष्टी, खांद्यावर पंचा, हातात छत्री.

मणी थबकला. कान उभे राहिले. ते जवळ आले, शेजारून पुढे गेले. मणी वळून त्यांच्या पाठमोऱ्या आकृतीकडे पाहत राहिला.

"कुणी पांढऱ्या वेष्टीतलं म्हातारं माणूस दिसलं की असं करतो," ताई हळूच म्हणाली. "पहिल्यांदा ओढायचा त्यांच्यामागे. आता नुसता बघतो."

तिनं पट्टा ओढला नाही, हाकही मारली नाही. आम्ही उभ्या राहिलो. लाटा येत होत्या, जात होत्या. ते गृहस्थ गर्दीत दिसेनासे झाले. मणीनं जमिनीचा वास घेतला, अंग झाडलं आणि ताईकडे पाहिलं.

"चल रे," ताई म्हणाली. "घरी जाऊ."

मराठीत म्हणाली. तो वळला आणि आमच्या पुढे चालू लागला.